रंगूनच्या दोन आया

वर्ध्याजवळच्या नालवाडीत कोकिळाबाईच्या दुपारच्या झोपेला कोणी झोप म्हणत नसे. जेवणं आटोपली, भांडी घासून उपडी पडली, की म्हातारी छपरीतल्या बाजेवर आडवी व्हायची, पदर डोळ्यांवर ओढायची, आणि भिंतीपलीकडच्या बाया एकमेकींना खुणवायच्या, "चालली वं आत्या रंगूनले!" उन्हं उतरल्यावर ती उठून चहाचं आधण ठेवी, तेव्हा कोणीतरी हमखास विचारी, "मंग आत्या, बोट येळेवर पोचली का?"

कोकिळाबाई चिडायची नाही. "पोचली न. तुह्यासाठी जागा धरून ठेवलती, तूच आली नाई," म्हणून मोकळी व्हायची. दात गेले होते, पण जीभ शाबूत होती.

आणि खरं सांगू का, ती जायचीच. डोळे मिटले की आधी वास यायचा. भाताच्या गिरण्यांमधल्या तुसाचा, ओल्या लाकडाचा, नदीच्या गाळाचा. मग पाणी दिसायचं. आता वर्ध्याच्या माणसानं पाणी पाहून पाहून काय पाहावं? आपली धाम नदी, उन्हाळ्यात तिच्यात घोटा भिजत नाही. रंगूनची नदी मातकट, आभाळाएवढी रुंद, आणि समुद्राला भरती आली की उलटी वाहायची. पाण्यावरची कचऱ्याची काडी सकाळी डावीकडे जाई आणि दुपारी उजवीकडे परत येई. हे तिनं एकदा पाणवठ्यावर सांगितलं आणि गावानं तिच्यावरचा होता नव्हता तो विश्वासही काढून घेतला. नदी कधी उलटी वाहते काय! म्हातारी फेकते, पण छान फेकते, असं ठरलं.

ती तिकडे गेली कशी, ते आधी सांगून टाकतो. कोकिळा न्हातीधुती व्हायच्या आत विधवा झाली. भाऊ नालवाडी सोडून हिंगणघाटला कापसाच्या एका गोऱ्या कंपनीत साहेबाची घोडागाडी हाके, त्याच्याकडे येऊन राहिली. भावजयीला एक खातं तोंड वाढलं. पुढे त्या साहेबाची नवी मेम विलायतेहून आली, वर्षाच्या आत पोरगा झाला, आणि ते पोर रात्रंदिवस किंचाळायचं. डॉक्टर झाले, औषधं झाली. एक दिवस कोकिळा भावाचा डबा द्यायला बंगल्यावर गेली असता मेमनं वैतागून लेकरू तिच्याच अंगावर टाकलं. कोकिळानं त्याला खांद्यावर घेतलं आणि ते गप. त्या दिवशी ती बंगल्यात शिरली ती शिरलीच. कंपनीनं साहेबाला तांदळाच्या व्यापारावर रंगूनला धाडलं तेव्हा मेम म्हणाली, आया येणार नसेल तर मी बोटीत पाय ठेवणार नाही. भाऊबंदांनी काळ्या पाण्याची भीती घातली. भावजय म्हणाली, जाऊ द्या, पाणी काळं असो का गोरं. आणि कोकिळा गेली.

तिथलं साहेब लोकांचं जगणं तिनं इतकी वर्षं पाहिलं, तरी तिला ते खरं वाटायचं नाही. सागवानी बंगले, खांबांवर उभे, खाली अंधार आणि वर दिवे. घरात माणसं दोनच, साहेब आणि मेम. पण संध्याकाळी जेवायला बसायचं तर साहेब काळा कोट चढवणार, मेम पायघोळ झगा घालणार, घामानं दोघंही निथळणार, मागे नोकर हात बांधून उभे. आणि बोलणं? मीठ द्या, मीठ घ्या. बस्स. हवेत इतकी ओल की संध्याकाळी काढलेल्या जोड्यावर सकाळी हिरवी बुरशी. म्हणून जोड्यांच्या कपाटात विजेचा दिवा लावून ठेवायचे.

"जोड्याले लाइट?" भाचेसून कमला हे ऐकून भाकरी थापायची थांबली होती. "माय वं! आमच्या गावाले यायच्या आंधी थ्याईच्या जोड्याले लाइट आला!"

"हाव न. अन् जोडे घालून कुठं जाच त क्लबात. थेच चार साब, थ्याच चार मेमा. रोज नवीन भेटल्यावानी हात हालवत."

सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, 'होम'. होमला असं असतं, होमला तसं असतं. त्यातले कित्येक तिथंच रंगूनला जन्मलेले, विलायतेचं तोंड न पाहिलेले, पण त्यांचंही होम तिकडेच. ज्या दिवशी टपालाची बोट लागे त्या दिवशी कोकिळाची मेम पत्रं वाचायची आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची. कोकिळा दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राही. नळाच्या आवाजात रडणं लपतं असं मेमला वाटे, बिचारीला. बाहेरच्या बाईला माहेर नव्हतं आणि आतल्या बाईचं समुद्रापार. कोकिळाला तिची मनापासून कीव यायची. राज्य हिचं आणि रडायला न्हाणीघर, असं तिच्या मनात येई. ती टॉवेल देई, मेम तोंड पुशी, आणि दोघीही काही झालं नाही असं दाखवत.

या सगळ्या स्वप्नात सगळ्यात गोड जागा होती तळ्याची. संध्याकाळी बंगल्याबंगल्यातून आया निघत, गोरी लेकरं बाबागाडीत घालून किंवा बोटाला धरून तळ्याकाठी नेत. पलीकडे बुद्धाच्या देवळाचा सोन्याचा कळस, त्याचं पिवळं प्रतिबिंब पाण्यात. गवतावर आयांचा बाजार भरे. मद्रासी आया, बंगाली आया, बर्मी आया. त्यांच्यात एक रीत होती. कोणी कोणाला नावानं हाक मारत नसे. ज्या लेकराची आया, त्या लेकराचं नाव. घरात मेमही नुसतं 'आया' म्हणे, साहेबही 'आया', लेकरूही 'आया'. कोकिळाचं लेकरू डिकीबाबा, म्हणून ती 'डिकीची आया'. चौदा नंबरच्या बंगल्यातली ती 'लिलीची आया'. पंधरा-पंधरा वर्षं एकत्र बसणाऱ्या बायांना एकमेकींची नावं ठाऊक नसत.

फक्त एका नावाचा अपवाद. लिलीची आया ही रामबाई होती, आणि रामबाई होती वर्ध्याजवळच्या सेलूची. त्याच कापूसवाल्या कंपनीच्या दुसऱ्या साहेबाबरोबर आलेली, तीही बिनलेकराची, तीही विधवा. पहिल्याच दिवशी तळ्याकाठी कोकिळानं डिकीला "अरे पडशीन न पोट्ट्या!" म्हणून दटावलं, तर मागून कोणीतरी किंचाळलं, "माय वं, तू वर्ध्याकडची काय?" दोघी परक्या मुलखात गळ्यात पडून अशा रडल्या की लेकरंही भोकाड पसरून रडली. तेव्हापासून सातासमुद्रापार त्या दोघींचं एक नालवाडी-सेलू झालं होतं. मेमांची नजर चुकवून त्या ज्वारीच्या कण्या शिजवत आणि दूध घालून दोन्ही लेकरांना भरवत. डिकी आणि लिली इंग्रजी शिकायच्या आधी वऱ्हाडी शिकली. "मले भूक लागली" असं ती सोनेरी केसांची पोरगी ओरडायची तेव्हा रामबाईची छाती फुगायची.

पण लेकरू सहा वर्षांचं झालं की होमला धाडायचं, हीही त्यांची रीत. उन्हात पोरं पिवळी पडतात आणि आयांच्या हाती बिघडतात, असं साहेब म्हणत. डिकीबाबाची बोट सुटली त्या दिवशी कोकिळाच्या अंगातलं काहीतरी खरोखर सुटलं. मेमनं तिला शिवणटिपणाला ठेवून घेतलं, पण हात रिकामे ते रिकामेच. रामबाई लिलीला तिच्या मांडीवर आणून बसवायची. "घे वं, अर्धी तुही," म्हणायची.

मग लढाई आली, बॉम्ब पडले, गोरी माणसं बोटींनी गेली. नोकरचाकर डोंगर चढत, पायी हिंदुस्थानाच्या वाटेला लागले. कोकिळा पोचली. रामबाई पोचली नाही. ही एक गोष्ट कोकिळाबाई दुपारच्या रंगूनमध्येही टाळायची. बोट नेहमी लढाईच्या आधीच बंदराला लागायची.

आणि एक आशा तिनं सोडली नव्हती. डिकीबाबा येईल. मोठा साहेब होईल, एक दिवस वर्ध्याला उतरेल आणि विचारेल, माझी आया कुठंय? हे ती कोणाजवळही बोलायची, अगदी दूधवाल्याजवळसुद्धा. बायका मान हलवत आणि पाठ वळली की हसत. तिचा भाचा पुंडलिकराव तेवढा हसत नसे. कापसाच्या बाजारात मापारी होता, दिवसभर काट्यावर उभं राहून त्याचं हसू आधीच संपलेलं असे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात हाच पुंडलिकराव एका संध्याकाळी सायकल भिंतीला न टेकवताच घरात शिरला. सायकल अंगणात धाडकन पडली.

"आत्या! विलायतेहून कोनी आलं हाये वर्ध्याले. कॉलेजातल्या देवतळे मास्तराकडं उतरलं. रंगूनच्या आयेले शोधून राह्यलं! मास्तर मले बाजारात भेटले, म्हने तुमच्या घरी रंगूनवाली आत्या हाये न? उद्या सकाळी घेऊन येतो म्हने."

कोकिळाबाईच्या हातातलं गहू निवडायचं सूप तसंच राहिलं. "नाव काय म्हनते?"

"घाईत होते मास्तर. नाव नाई सांगतलं."

"नाव कायले पायजे," ती म्हणाली आणि हसायला लागली, हसता हसता डोळे गळायला लागले. "मले मालूम हाये न."

गावभर बातमी झाली. जिनं बोटीवरून चेष्टा केली होती तीच पंचफुला आपलं ठेवणीतलं पातळ घेऊन आली, "आत्या, हे नेसजो," म्हणाली. कमलानं अंगण सारवलं, वर्ध्याहून गोरसपाकाची बिस्किटं आणवली. सकाळी कोकिळाबाईनं स्वतः चुलीपुढे बसून कण्या शिजवल्या. कमला म्हणाली, "आत्याबाई, सायेब मानूस कण्या खाईन काय?" "तू चूप राय. त्याले काय आवडते थे तुले का मालूम?" सकाळभर ती अशी काही तरंगत होती की तिला भांडं कुठं ठेवलं ते सापडेना. डिकी केवढा असेल? मिशा असतील का? मांडीवर बसणारं पोर पन्नाशीकडे झुकलं असेल, हे तिच्या हिशोबात बसतच नव्हतं. तिला दिसत होता तो अर्ध्या चड्डीतला डिकी, गुडघ्याला खरचटलेला.

ऑटो आला. देवतळे मास्तर उतरले. त्यांच्या मागून एक गोरी बाई उतरली, केसात पांढरे पट्टे, खादीचा सदरा, पायात चपला. कोकिळाबाईनं तिच्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर ऑटोत होती. ऑटोत आता फक्त ड्रायव्हर होता. मग तिनं रस्त्याकडे पाहिलं. दुसरा ऑटो मागून येत असेल. रस्त्यावर एक बैलगाडी होती आणि कापसाच्या पऱ्हाटीचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई. बस्स, आणखी कोणी नाही.

ओरडावंसं वाटलं तिला, ही कोण आणली रे, माझा डिकी कुठंय?

आणि तेवढ्यात ती गोरी बाई उंबऱ्याशी उभी राहिली, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून, जशी लहान पोरं लाजली की उभी राहतात. हनुवटीखाली एक आडवी खूण होती. ती खूण कोकिळाबाईच्या ओळखीची होती. चौदा नंबरच्या पायऱ्यांवरून लिलीबाबा पडली तेव्हा रक्त पाहून रामबाईलाच भोवळ आली होती, आणि हळद दाबून धरली होती कोकिळानं.

"लिलीबाबा?" तिच्या तोंडून निघून गेलं.

झालं! गोऱ्या बाईनं चपला कुठच्या कुठं भिरकावल्या, धावत येऊन म्हातारीच्या गळ्यात पडली आणि "आया, आया" म्हणत हुंदके द्यायला लागली. दारात जमलेल्या बायांनी पदर डोळ्याला लावले. मास्तरांचाही चष्मा ओला झाला. कोकिळाबाई तिच्या मिठीत ताठ बसून होती. मी नोहे वं बाई, थे दुसरी, थे माही सखी होती, हे शब्द तिच्या ओठापर्यंत आले होते. बाईला जरा शांत होऊ द्यावं आणि सांगावं, एवढाच तिचा विचार होता.

बाई शांत झाली आणि बोलायला लागली. ती इंग्रजीत बोले, मास्तर मराठीत सांगत. तिची आई मागच्या वर्षी वारली. आईला ती जन्मभर विचारत आली होती, आपली आया कोण होती, कुठली होती? आईला एवढंच आठवे की वर्ध्याच्या बाजूची होती.

"आणि नाव?" मास्तर थांबले, त्यांनाच सांगायला जड गेलं. "नाव आईला सांगता येईना. एवढी वर्षं घरात राबलेली बाई, पण सगळे आयाच म्हणायचे. त्या म्हणतात, मला फार लाज वाटते याची. वर्ध्यात आल्यावर मी चौकशी केली, तर जो तो म्हणाला, रंगूनची आया ना, ती नालवाडीची."

कोकिळाबाईनं मान डोलावली. बरोबरच होतं लोकांचं. पोचली ती एकच.

"त्यांना तुम्हाला एक विचारायचंय," मास्तर म्हणाले. "त्यासाठीच आल्यात."

लिलीनं म्हातारीचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. ती सांगत गेली, आणि मास्तरांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. बोट सुटायची होती. धक्क्यावर गर्दी, धूर. शिपाई म्हणाला, आयांना बोटीवर जागा नाही. आई सामान घेऊन पुढे गेली. लिलीनं आयाचा हात सोडला नाही. आयानंच तिची बोटं सोडवायला सुरुवात केली. तेव्हा ती आयाच्या हाताला कडकडून चावली, रक्त निघेपर्यंत. आणि आया पाठ फिरवून निघून गेली, एकदाही मागं वळली नाही.

"त्या म्हणतात, मी चावले म्हणून आया रागावली. आई सांगायची, तुझी आया त्या डोंगरातच मेली असेल. मग यांना वाटायला लागलं की आपल्यामुळेच मेली. म्हणतात, तेव्हापासून मला धड झोप नाही. लग्न मोडलं, दवाखाने झाले, पण डोळा लागला की ती पाठ दिसते."



आता कोकिळाबाईच्या डोळ्यांपुढे ते आलं, जे ती इतकी वर्षं दुपारी टाळत होती. ती तिथंच होती, चार हातांवर, आपल्या मेमची पेटी डोक्यावर घेऊन. लिलीच्या आईनं रामबाईला बजावलं होतं, मागं वळलीस तर पोर आकांत करेल, खबरदार वळलीस तर. लिलीला पाठ दिसली होती. तोंड दिसलं होतं ते कोकिळाला. तसं तोंड पुन्हा कोणाचं पाहू नये. आणि मग ती डोंगरातली वाट, माणसं वाटेच्या कडेला बसत आणि उठत नसत. रामबाईला पटकी लागली. कोकिळानं तिला एका झाडाखाली टेकवून पाणी आणायला जावं, आणि परत यावं तो सगळं आटोपलेलं. जाळायला लाकूड नाही, पुरायला कुदळ नाही. पानं घातली तिच्या अंगावर. मागची माणसं ढकलत होती, म्हणून ती पुढे निघाली. रडूही दिलं नाही कोणी.

सांगायचं हे? या पोरीला? तुझी आया खरंच मेली गं, त्याच महिन्यात मेली, पानाखाली पडली आहे, जा आता सुखानं झोप?

"आया कायले वळन मागं?" कोकिळाबाई म्हणाली. "वळली असती त तुले सोडली नसती. अन् सोडली नसती त तू बॉम्बात मेली असती. तुह्या मायनं सांगतलं होतं वळू नको म्हनून. मास्तर, नीट सांगा तिले. अन् चावल्याचं म्हनान, त राग? अवं, वाटभर आया तो हात दाखवत चालली. जो भेटन त्याले दाखवे. म्हने, पाहा, माह्या लेकरानं जातानी मले सोनं देल्लं. पानी लागू देत नव्हती त्याले, मिटून जाईन म्हनून."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मास्तर सांगत गेले तसं लिलीचं तोंड पालटत गेलं. तिनं हातातला तो म्हातारा हात उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला. चुलीच्या हातावर खुणा काय कमी असतात? तव्याचे चटके, विळ्याचे वार. अंगठ्याखालच्या एका जुन्या खुणेवर तिचं बोट थांबलं. तिनं वर पाहिलं. कोकिळाबाईनं हात तसाच तिच्या हातात राहू दिला. लिलीनं ओणवं होऊन त्या खुणेवर ओठ टेकवले.

कण्या तिनं बशीभर खाल्ल्या आणि पुन्हा मागितल्या. "मले भूक लागली," ती अचानक म्हणाली आणि स्वतःच दचकली. तेवढं एकच वाक्य तिच्यात उरलं होतं. बाया खळखळून हसल्या. पंचफुला तर म्हणाली, "पोट्टी आपलीच हाये वं!"

मग लिलीनं मास्तरांकडे न पाहता, हिंदीचे दोन तुटके शब्द जोडून विचारलं, "आया, नाम? आप का नाम?"

गावात सगळे तिला आत्या म्हणत, मास्तरांना तिचं नाव ठाऊक नव्हतं. क्षणभर कोकिळाबाईनं पंचफुलाच्या पातळाचा काठ बोटांत चुरगळला. जन्मात पहिल्यांदा एक गोरं माणूस तिला तिचं नाव विचारत होतं.

"रामबाई," ती म्हणाली. "सेलूची रामबाई."

"आत्या!" पुंडलिकराव उभाच राहिला. "अवं, तू..."

"तू चूप राय बे, पुंडल्या! मास्तरले चा दे."

लिली ते नाव घोळवत होती, राम-बाई, राम-बाई. तिनं मास्तरांकडून ते दोनदा नीट म्हणवून घेतलं. आईच्या थडग्याशेजारी एक फरशी बसवीन आणि त्यावर हे नाव कोरीन, म्हणाली. तिचे खांदे सैल झाले होते. निघायला उठली आणि उंबऱ्यावर पुन्हा थांबली. तिला काहीतरी आठवलं होतं. मास्तर म्हणाले, "त्या विचारतात, शेजारच्या बंगल्यातल्या डिकीची आया तुमची मैत्रीण होती ना? डिकी यांना अधूनमधून भेटतो. त्याचा कुत्र्यांचा कारखाना... म्हणजे कुत्री पाळतो, मोठं शेत आहे, मुलंबाळं आहेत, मजेत आहे. तो फारसं काही बोलत नाही, पण आयाच्या पदराला धुराचा वास यायचा, एवढं त्याला आठवतं. यांनी इकडे येते म्हटल्यावर तो म्हणाला, माझीही कुठं सापडली तर कळव, मी येईन. तिचं काय झालं?"

कमलानं तोंडावर हात ठेवला. पुंडलिकराव आत्याकडे पाहत राहिला. आता बोल, आता तरी बोल, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

कोकिळाबाई भिंतीला धरून उभी होती. येईन म्हणाला होता. डिकीबाबा येईन म्हणाला होता. आणि आला तर याच अंगणात येईल, याच बाजेवर बसेल, आणि शेजारी लिली असेल. एकाच म्हातारीला दोघं आया म्हणतील कसे?

"थे नाई राह्यली," ती म्हणाली. "वाटेतच गेली बिचारी. डोंगरात, झाडाखाली. मीच पानं घातली तिच्यावर. डिकीबाबाले सांगजा, तरास नाई झाला तिले. त्याचंच नाव घेत होती."

ऑटो गेला. धूळ खाली बसली, बाया पांगल्या. पुंडलिकरावाला राहवेना. तो आत्यापुढे उकिडवा बसला.

"हे काय केलं आत्या तू? जिनगानीभर त्याची वाट पाह्यली न? त्यानं स्वतः म्हटलं येतो म्हनून, अन् तू आपल्या तोंडानं सोताले मारून टाकलं?"

"त्याले झोप लागते बे," कोकिळाबाई म्हणाली. "हिले लागत नव्हती."

एवढं बोलून ती बाजेवर बसली आणि गावभर ऐकू जाईल अशी मोठ्यानं रडली. कमला उष्ट्या बशा तशाच ठेवून तिच्याजवळ आली आणि तिला पोटाशी धरून बसली.